ढेकूण आणि प्रवासी-निवास : मुंबईतील गिरगाव–फणसवाडी परिसर

परक्या बिछान्यावर रात्र काढणाऱ्या माणसास ढेकणापासून होणारा उपद्रव आणि तो टाळण्यासाठी प्रवासी, निवासगृहांचे चालक व नागरी आरोग्ययंत्रणा यांनी वेळोवेळी योजलेले उपाय हा नागरी जीवनाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग होय. मुंबईसारख्या बाहेरून आलेल्या माणसांनी वसलेल्या शहरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आले. धर्मशाळा, खानावळी, लॉज, कूड आणि चाळींतील सामाईक खोल्या यांची दाटी असलेला गिरगाव, ठाकूरद्वार, फणसवाडी, भुलेश्वर व धोबीतलाव हा पट्टा त्याच्या अभ्यासास सोयीचा आहे. कारण धर्मार्थ निवासापासून भाड्याच्या खाटेपर्यंत निवासाचे जवळजवळ सर्व प्रकार येथे एकमेकांना लागून वाढले.

कीटकाचे स्वरूप : ढेकूण हा हेमिप्टेरा गणाच्या सायमिसिडी कुलातील रक्तशोषक कीटक आहे. माणसाच्या वस्तीत त्याच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. समशीतोष्ण प्रदेशांतील सायमेक्स लेक्ट्युलॅरियस या जातीचे वर्णन लिनीअस यांनी १७५८ मध्ये केले. उष्ण कटिबंधातील सायमेक्स हेमिप्टेरस या जातीचे वर्णन फाब्रिसिअस यांनी १८०३ मध्ये केले. मुंबईच्या उष्ण व दमट हवेत मुख्यत्वे दुसरी जाती आढळते. प्रौढ ढेकूण सु. ५ मिमी. लांब, चपटा, तांबूस तपकिरी व पंखहीन असतो. तो दिवसा खाटेचे सांधे, गादीची शिवण, भिंतीतील भेगा, चित्रांच्या चौकटी अशा अरुंद जागी लपतो आणि रात्री माणसाच्या श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड व शरीराची ऊब यांच्या अनुरोधाने बाहेर येतो. एका वेळेचे रक्तशोषण ५ ते १० मिनिटांत आटोपते. मादी दररोज काही अंडी घालते व तिच्या आयुष्यात ही संख्या दोनशेच्या घरात जाऊ शकते. अंड्यातून निघालेले अर्भक पाच वेळा कात टाकून प्रौढ होते व प्रत्येक अवस्थेत त्याला निदान एकदा तरी रक्त मिळावे लागते. उबदार हवेत हे चक्र सु. पाच ते सहा आठवड्यांत पुरे होते. अन्नाविना ढेकूण अनेक आठवडे आणि थंड हवेत कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे रिकामी ठेवलेली खोली निर्धोक झाली असे समजता येत नाही.

ढेकूण उडत नाही व उडीही मारीत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात तो भिंतीच्या भेगांतून किंवा नळ व तारांच्या मार्गाने जातो. गावोगावी मात्र तो माणसाच्या सामानातूनच पोहोचतो. वळकटी, पेटी, जुनी खाट आणि गादी ही त्याची वाहने होत. म्हणूनच ढेकणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी प्रवासाचा व मुक्कामाचा इतिहास ठरतो.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : ईजिप्तमधील अमार्ना येथील उत्खननात सु. ३,५०० वर्षांपूर्वीच्या कामगारवस्तीत ढेकणाचे अवशेष मिळाले आहेत. संस्कृतात ढेकणास ‘मत्कुण’ म्हणतात. पंचतंत्रातील मंदविसर्पिणी नावाची ऊ व अग्निमुख नावाचा मत्कुण यांची कथा प्रसिद्ध आहे. राजाच्या शय्येत राहणाऱ्या उवेकडे मत्कुण पाहुणा म्हणून येतो, राजा झोपी जाण्यापूर्वीच अधीरपणे त्याला चावतो आणि स्वतः खाटेच्या सांध्यात दडतो. सेवकांच्या शोधात सापडते व मारली जाते ती मात्र ऊ. कथेचे तात्पर्य नीतिपर असले, तरी तिच्यात कीटकाच्या सवयींचे अचूक निरीक्षण आहे. ढेकूण बाहेरून येतो, सांध्यात लपतो आणि त्याच्यामुळे होणारा दंड भलत्यालाच भोगावा लागतो, हे तिन्ही विशेष पुढील नागरी इतिहासातही पुनःपुन्हा आढळतात. मराठीत ‘ढेकूण’ हा शब्द क्षुद्र पण पिच्छा न सोडणाऱ्या उपद्रवासाठी रूढ असून, ढेकणाच्या सहवासाने हिराही भंगतो अशी जुनी समजूत संतवाङ्मयात कुसंगतीच्या दृष्टांतासाठी वापरलेली दिसते.

पश्चिम किनाऱ्यावरील एक लक्षणीय नोंद जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाच्या १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आहे. तो १६८९ मध्ये भारतात आला होता. सुरत येथे बनियांनी ढेकूण, पिसवा इ. क्षुद्र जीवांसाठीही आश्रयस्थान चालविले होते आणि त्यांच्या पोषणासाठी एखाद्या गरीब माणसास मोल देऊन रात्रभर खाटेवर निजवीत. चाव्यांनी त्रासून त्याने पळू नये म्हणून त्याला बांधूनही ठेवीत, असे तो सांगतो. परदेशी प्रवाशाच्या वर्णनातील अतिशयोक्तीची शक्यता गृहीत धरली, तरी जीवदयेची ही परंपरा सुरतेहून मुंबईस आलेल्या व्यापारी समाजांबरोबर भुलेश्वर परिसरात आली यात शंका नाही. येथील पांजरपोळ १८३४ मध्ये स्थापन झाला. तो मोठ्या जनावरांसाठी असला, तरी अहिंसेच्या याच विचारामुळे अनेक कुटुंबांत ढेकूण चिरडण्याऐवजी झटकून बाहेर टाकण्याची रीत पाळली जाई. शेजारी याचा अर्थ वेगळा घेत. कारण एका घरातून बाहेर टाकलेला ढेकूण दुसऱ्या घरात आसरा शोधी.

परिसर व निवासाचे प्रकार : गिरगाव हा मूळचा वाड्यांचा व बागाईतीचा भाग. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे त्या जुन्या लागवडीची साक्ष देतात. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे आगगाडी सुरू झाली व १८५६ मध्ये पहिल्या कापडगिरणीचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर कोकण, देश, गुजरात व गोमंतक येथून येणाऱ्यांचा ओघ वाढला आणि वाड्यांतील झाडांच्या जागी लाकडी सांगाड्याच्या चाळी उभ्या राहिल्या. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. या लोकसंख्येत एकट्या पुरुषांचे प्रमाण मोठे होते. कुटुंब गावी ठेवून पोटासाठी आलेल्या या माणसांना घरापेक्षा निजण्यापुरती जागाच हवी असे.

ही गरज वेगवेगळ्या संस्थांनी भागविली. माधवबाग, हिराबाग इ. ठिकाणच्या धर्मार्थ वास्तूंत यात्रेकरू व व्यापारी उतरत. तेथे बिछाना सहसा ज्याचा त्याने आणावयाचा असे. खानावळीत जेवणाऱ्यांपैकी काहींची निजण्याचीही सोय होई. मराठी माणसांनी चालविलेल्या लॉजांतून खटल्यासाठी, औषधोपचारासाठी, नाटकासाठी किंवा नोकरीच्या शोधात आलेले लोक राहत. राजकीय पुढारीही तेथेच उतरत. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहात, म्हणजे अशाच एका प्रवासी-निवासात झाले. धोबीतलाव व त्याच्या आसपास गोमंतकीयांचे ‘कूड’ होते. एकेका गावच्या लोकांनी चालविलेल्या या सामाईक निवासांत प्रत्येक सभासदाची पेटी भिंतीशी रचलेली असे आणि बोटीवर जाणारे खलाशी मधल्या काळात तेथे मुक्काम करीत. परळ–लालबाग या गिरणगावात कोकणातील एकेका गावाच्या सामाईक खोल्या होत्या. पाळ्यांमुळे दिवसपाळीचा कामगार उठून गेला की त्याच जागी रात्रपाळीचा कामगार निजे. पुढे हीच पद्धत ‘कॉट बेसिस’ या नावाने विद्यार्थी व नोकरदार यांच्यात रूढ झाली.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. बिछान्याची जागा कायम राही व माणूस बदलत राही. ढेकणाला याहून सोयीची व्यवस्था नाही. दोन पाळ्यांच्या खोलीत तर त्याला रात्रीची वाट पाहण्याचीही गरज उरत नसे.

वळकटी व तिचे दुहेरी कार्य : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मराठी प्रवासी आपला बिछाना बरोबर घेऊन निघे. सतरंजी, पातळ गादी, चादर व उशी यांची वळकटी दोरीने बांधलेली असे. सुस्थितीतील लोक कॅन्‌व्हासचा होल्डॉल वापरीत. परक्याच्या अंथरुणावर न निजण्यामागे सोवळ्याची कल्पना होती, तशीच अनुभवाने आलेली सावधगिरीही होती. जमिनीवर स्वतःची सतरंजी अंथरणारा प्रवासी लाकडी खाटेवर निजणाऱ्यापेक्षा काहीसा सुरक्षित असे. मात्र हीच वळकटी रात्रभर भिंतीशी टेकून राहिली, तर तिच्या घड्यांत ढेकूण शिरत आणि दुसऱ्या दिवशी प्रवाशाबरोबर त्याच्या गावी जात. मुंबईहून आलेल्या पाहुण्याचे अंथरूण घरात घेण्यापूर्वी अंगणात उन्हात टाकण्याची कोकणातील रीत या अनुभवातूनच आली.

घरगुती उपाय : चाळी व लॉज यांतील पारंपरिक उपाय साधे असले, तरी त्यांत निरीक्षण होते. खाट गॅलरीत किंवा गच्चीवर नेऊन उन्हात ठेवणे, ती जमिनीवर आपटून सांध्यांतील ढेकूण पाडणे आणि सांध्यांत उकळते पाणी ओतणे ही कामे सुट्टीच्या दिवशी केली जात. ढेकूण व त्याची अंडी सु. ५०° से. तापमानात मरतात. मुंबईचे ऊन केवळ हवेच्या तापमानाने ही मर्यादा गाठीत नाही. तापलेल्या लाकडातून ढेकूण सावलीच्या शोधात बाहेर पडतात आणि तेव्हा त्यांना टिपता येते, एवढाच उन्हाचा उपयोग. उकळते पाणी मात्र अंड्यांसह सर्व अवस्थांचा नाश करते. म्हणून ऊन, आपटणे व उकळते पाणी हा क्रम शास्त्रदृष्ट्याही योग्य ठरतो.

खाटेचे पाय पाणी किंवा घासलेट भरलेल्या वाट्यांत ठेवण्याची पद्धतही सर्वत्र होती. उष्ण कटिबंधीय ढेकणाच्या पायांवरील केसांच्या गादीमुळे त्याला गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावरही चढता येते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. समशीतोष्ण जातीसाठी पुरेशी ठरणारी कोरडी गुळगुळीत वाटी त्यामुळे येथे अपुरी पडते. वाटीत द्रव भरण्याचा मुंबईकरांचा आग्रह या दृष्टीने सार्थ होता. त्याखेरीज वेखंडाची पूड, कडुलिंबाचा पाला, गंधकाची धुरी व भिंतींना चुना देणे हे उपाय केले जात. चुन्याने भेगा बुजत, हा त्याचा मुख्य लाभ होय. घासलेट सांध्यांत सोडल्याने ढेकूण मरत. पण लाकडी चाळीत आगीचा धोका वाढे.

प्लेग व आरोग्ययंत्रणा : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि शहरातील घरे व निवासगृहे सरकारी नजरेखाली आली. १८९७ च्या साथरोग कायद्याने प्रवाशांची तपासणी करण्याचे व त्यांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. घरे जंतुनाशक द्रवांनी धुणे, चुना देणे, उजेडासाठी कौले काढणे व रुग्णांचे बिछाने जाळणे हे उपाय सक्तीने अमलात आले. या उपायांचा रोख प्लेगवर होता. तथापि बिछाने नष्ट झाल्याने व भिंती पुन्हा रंगविल्याने ढेकूणही काही काळ हटले असणार. ज्याच्याकडे एकच अंथरूण होते त्याला ते जळताना पाहावे लागले आणि आरोग्य खात्याविषयी जी भीती त्या वेळी निर्माण झाली ती दीर्घकाळ टिकली. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापासून घरातील रुग्ण लपविण्याची सवय लागली, तशीच ढेकूण लपविण्याचीही.

प्लेगचा प्रसार उंदरावरील पिसवांमुळे होतो असे मत पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले व पुढे परळ येथील प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने केलेल्या संशोधनाने ते दृढ झाले. १८९८ मध्येच स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळाने (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) दाट वस्ती भेदून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. गिरगाव–भुलेश्वर भागात त्यामुळे हवा खेळू लागली. परंतु पाडलेल्या घरांतील लोक लगतच्या चाळींत दाटीने राहू लागले आणि त्यांच्या सामानाबरोबर ढेकूणही स्थलांतरित झाले.

रोगप्रसाराचा प्रश्न : ढेकूण निरनिराळ्या माणसांचे रक्त शोषतो, म्हणून तो रोग पसरवीत असावा ही शंका स्वाभाविक होती. डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९०७ मध्ये मद्रास येथे काळा आजाराच्या परजीवीची वाढ ढेकणाच्या शरीरात होत असल्याचे दाखविले. त्यामुळे अनेक वर्षे ढेकणाकडे या रोगाचा वाहक म्हणून पाहिले गेले. अखेर १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी स्वयंसेवकांवरील प्रयोगांनी वालुमक्षिका हीच खरी वाहक असल्याचे सिद्ध केले. कावीळ-ब व इतर काही रोगांचे जंतू ढेकणात काही काळ टिकतात. पण नेहमीच्या परिस्थितीत ढेकूण चावल्याने माणसाला असा रोग होतो, असे सिद्ध झालेले नाही.

याचा अर्थ ढेकूण निरुपद्रवी आहे असा नव्हे. खाज, पुरळ, खाजविण्याने होणारा जंतुसंसर्ग आणि निद्रानाश हे त्याचे प्रत्यक्ष परिणाम होत. पी. एस. वेंकटाचलम व बी. बेलवाडी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ढेकणांच्या अतिरेकी चाव्यांमुळे होणारा लोहक्षय हे अर्भकांतील व मुलांतील पांडुरोगाचे एक कारण असू शकेल असे दाखविले. दहा-बारा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराची झोपमोड ही तर आकड्यांत न मावणारी हानी होती.

कायदा व निवासगृहे : १८६७ च्या सराई कायद्याने सराईच्या चालकावर खोल्या, ओसऱ्या व गटारे स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी टाकली होती. स्वच्छता ही प्रवाशाची केवळ अपेक्षा नसून चालकाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यात स्पष्ट होते. मुंबईतील निवासगृहांवर अधिक परिणाम झाला तो १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा. या कायद्याच्या नावातच भाड्याबरोबर हॉटेल व निवासगृह यांच्या दरांचा समावेश होता. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरू व प्रवासी यांची लूट थांबविणे हा त्याचा हेतू होता व बऱ्याच अंशी तो सफल झाला. मात्र गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. गिलाव्याला भेगा पडल्या, लाकडी तुळया कुजल्या, सांधे ढिले झाले. ढेकणांना आसरे वाढले. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र मंडळाची तरतूद करणारा कायदा झाला आणि १९४७ च्या कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घेतली.

निवासगृहांच्या चालकांनी या काळात केलेला सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे लाकडी खाटांऐवजी लोखंडी खाटा वापरणे हा होय. लोखंडी खाटेत लपण्यास जागा कमी असते व उकळत्या पाण्याने ती बिघडत नाही. सुंभाने किंवा नवारीने विणलेल्या खाटांची जागा लोखंडी पट्ट्यांच्या खाटांनी घेतली, तसा सांध्यांतील आसरा घटला. परंतु त्याच सुमारास प्रवाशाच्या वळकटीऐवजी लॉजची कापसाची गादी रूढ झाली आणि ढेकूण खाटेच्या सांध्यातून गादीच्या शिवणीत गेला. सोय वाढली, पण बिछान्यावरचा प्रवाशाचा ताबा गेला.

रासायनिक कीटकनाशके : १९२३ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेले ‘फ्लिट’ हे फवारण्याचे द्रव व त्याची हातपिचकारी पुढे भारतीय शहरांतही परिचित झाली. खरी क्रांती डीडीटीने केली. पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला व त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्कालीन मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून धारवाड व कारवार भागांत हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू केली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने डीडीटीचे उत्पादन हाती घेतले. भिंतीवर फवारलेली डीडीटी महिनोन्‌महिने टिके. डासांबरोबर ढेकूणही मरत. अनेक ठिकाणी लोकांनी फवारणीचे स्वागत केले ते हिवतापापेक्षा ढेकणांपासून मिळालेल्या सुटकेमुळे.

ही सुटका अल्पकाळ टिकली. हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथे १९४७ मध्येच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते व भारतातही पुढील दशकात हाच अनुभव आला. प्रतिकारक्षम ढेकूण डीडीटीच्या स्पर्शाने मरत नाहीत, उलट चाळवून लपणीतून बाहेर पडतात. फवारणीने ढेकूण वाढतात अशी तक्रार त्यामुळे होऊ लागली व काही ठिकाणी लोकांनी हिवतापाच्या फवारणीसही दारे बंद केली. ढेकणाच्या प्रतिकारामुळे डासांविरुद्धची मोहीम कमकुवत व्हावी, हा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय.

डीडीटीनंतर ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील द्रव्ये आली. ‘टिक-२०’ या नावाने मिळणारी बाटली महाराष्ट्रातील घराघरांत ढेकणांचे औषध म्हणून पोहोचली. तिच्यातील डायाझिनॉन हे द्रव्य माणसालाही विषारी असल्याने अपघात घडले आणि आत्महत्येचे साधन म्हणून त्या नावाला दुःखद प्रसिद्धी मिळाली. केरळमध्ये १९५८ साली कीटकनाशक मिसळलेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक बळी गेले होते. त्यानंतरच्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला व डायाझिनॉनवर २०१८ मध्ये बंदी आली. धान्यकोठारांसाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या खोलीत ठेवल्याने झोपेतच मृत्यू ओढवल्याच्या घटना भारतात व परदेशांतही घडल्या आहेत. या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीतही जातो; त्यामुळे दाट वस्तीत त्यांचा वापर करणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

पुनरुद्भव : विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाश्चात्त्य देशांतून जवळजवळ नाहीसा झालेला ढेकूण १९९० नंतरच्या दशकात पुन्हा वाढू लागला. विमानप्रवासाची वाढ आणि पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांना आलेला प्रतिकार ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. लंडन, न्यूयॉर्क, सिडनी येथील महागड्या हॉटेलांतही तो आढळला. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये त्याविषयी मोठी घबराट निर्माण झाली. ढेकूण हे दारिद्र्याचे किंवा उष्ण देशांचे लक्षण आहे, हा जुना समज यामुळे मोडीत निघाला. मुंबईत तो कधीच पूर्णपणे गेला नव्हता. गिरगाव–परळ भागांतील चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत असल्या, तरी जुने लाकडी सामान नव्या घरात नेले जाते तेव्हा हा जुना सोबतीही बरोबर जातो.

प्रवाशाने घ्यावयाची काळजी : वर दिलेल्या इतिहासातून निघणारे व आधुनिक संशोधनाने पुष्टी दिलेले उपाय थोडे व साधे आहेत. खोलीत शिरल्यावर सामान प्रथम बिछान्यावर किंवा गालिच्यावर न ठेवता न्हाणीघरात किंवा धातूच्या उघड्या मांडणीवर ठेवावे. चादर उचलून गादीचे कोपरे व शिवण, खाटेची उशाकडील फळी आणि तिच्यामागील भिंत विजेरीच्या उजेडात तपासावी. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, टाकलेली फिकट कात, पांढुरकी अंडी किंवा विशिष्ट उग्र वास या खुणा दिसल्यास दुसरी खोली मागावी. ती लगतची, वरची किंवा खालची नसावी. चाव्यांवरून मात्र निश्चित निदान होत नाही, कारण काही माणसांच्या त्वचेवर कोणतीच प्रतिक्रिया उमटत नाही. घरी परतल्यावर कपडे सु. ६०° से. तापमानाच्या पाण्यात धुवावेत व पेटी घराबाहेरच झटकून तपासावी. कोकणातील अंगणात वळकटी उन्हात टाकण्याच्या रीतीचेच हे नवे रूप होय.

चालकाच्या दृष्टीने एकाच खोलीत एकदाच फवारणी करणे निरर्थक ठरते. अंड्यांवर बहुतेक कीटकनाशकांचा परिणाम होत नाही व उबदार हवेत ती आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून सु. दोन आठवड्यांनी पुन्हा उपाय करावा लागतो. लगतच्या खोल्याही त्याच वेळी तपासाव्या लागतात. भेगा बुजविणे, वाफेचा किंवा उष्ण हवेचा वापर, गादीला पूर्ण बंद खोळ घालणे आणि नोकरांना खुणा ओळखण्यास शिकविणे यांचा एकत्रित उपयोग कोणत्याही एका औषधापेक्षा अधिक टिकाऊ असतो.

सामाजिक अंग : ढेकणाच्या प्रश्नाला नेहमीच लाजेची बाजू राहिली आहे. चाळीत ढेकूण शेजाऱ्याकडून आले असे प्रत्येक बिऱ्हाड म्हणे. लॉजचालक ते प्रवाशाने आणले असे सांगे व प्रवासी लॉजला दोष देई. पाहुणा, भाडेकरू, परप्रांतीय किंवा खालच्या मानलेल्या जातीचा माणूस यांच्या माथी हा दोष मारणे सर्वांत सोपे असे आणि अनेकदा जागा नाकारण्यास तेवढे निमित्त पुरे होई. वस्तुतः ढेकूण स्वच्छ व अस्वच्छ माणसांत भेद करीत नाही. त्याला रक्त, ऊब आणि लपण्यास फट एवढेच हवे असते. दोष लपविण्यात जेवढा काळ जातो तेवढ्यात त्याच्या एक-दोन पिढ्या वाढतात. ज्या चाळींत सर्व बिऱ्हाडांनी एकाच दिवशी खाटा बाहेर काढून सांधे धुतले व भिंतींना चुना दिला तेथे उपद्रव आटोक्यात राही; ज्या ठिकाणी प्रत्येकाने गुपचूप आपापली बाटली आणली तेथे ढेकूण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिले. निवासगृहाच्या मोठेपणाची कसोटीही त्याच्याकडे ढेकूण कधीच आले नाहीत ही नसून, ते आल्याचे प्रवाशाने सांगताच तेथे काय केले जाते ही आहे.